अंगठ्याचा साबण

४ फेब्रुवारी

वहिनी,

फोनच करणार होते. पण फोनवर तू नुसतं ‘हं’ म्हणतेस आणि मागे पातेली आपटत असतेस. शिवाय तुझ्या बोटांनी फोन उघडत नाही, हे मी स्वतः पाहिलंय. साबणात घालायच्या कॉस्टिक सोड्याने बोटं अशी झालीत की यंत्राला ती बोटं वाटतच नाहीत. कागदावर निदान तुला वाक्य पुरं करावं लागतं, म्हणून हे पत्र.

मी नोकरी बदलली. नव्या कंपनीत एका खात्याची प्रमुख आहे आणि त्या खात्याचं नाव वाचून तू हसणार आहेस : विश्वास खातं. खरंच, तशी पाटी आहे दारावर. दाराला कुलूप नाही, एक काच आहे, तिच्यावर बोट टेकवलं की दार सरकतं. रखवालदार रोज सलाम करतो, पण आत सोडायचं की नाही ते काच ठरवते.

आमचं काम असं. लोकांना हल्ली वस्तू चांगली असून भागत नाही. ती भल्या माणसाने, कुठलीही नासधूस न करता बनवलीय, हेही कळायला हवं असतं. दुकानदाराच्या तोंडचं कुणी मानत नाही, फोनने सांगितलेलं मानतात. म्हणून आमचं ॲप. वस्तूवर फोन धरायचा. खरी असली तर पडदा हिरवा होतो आणि बनवणाऱ्याचा चेहरा दिसतो. बनावट असली तर लाल.

आता तुझ्याकडे येते. दादा गेल्यापासून मागच्या दोन खोल्यांत तू एकटी साबण करतेस. खानावळींचं जळकं तेल, जे एरवी गटारात ओततात, ते तू मागून आणतेस. आणि प्रत्येक वडीच्या पाठीवर तुझा अंगठा उमटलेला असतो, तो बोटांसारखा झिजलेला नाही, रेष न् रेष दिसते. वहिनी, लोक छापील खुणा चिकटवतात आणि दुसरे लोक त्या हुबेहूब छापतात. तुझा अंगठा कोण छापणार? आमच्या ॲपमध्ये ये. तू फक्त साबण कर, लोकांना पटवायचं काम माझं.

नाही म्हणायच्या आधी निदान चार ओळी लिही.

तुझी नणंद

---

१९ फेब्रुवारी

वन्संना,

तुम्हाला अगं-तुगं करावं, असं तुमचे भाऊ शेवटपर्यंत सांगत राहिले. मला जमलं नाही. लग्न होऊन मी घरात पाऊल टाकलं तेव्हा तुम्ही शाळेत होता. माझी ट्रंक उघडून आतला आरसा काढलात आणि ‘हा माझा’ म्हणालात. तेव्हापासून तुम्ही माझ्यासाठी ‘तुम्ही’च.

तो अंगठा शोभेचा नाही. तुम्ही या घरात वाढलात आणि तरी तुम्हाला माहीत नाही, म्हणून सांगते. साच्यातून साबण काढला, तारेने कापला, की प्रत्येक वडीवर अंगठा दाबायचा. ठसा स्वच्छ उठला तर साबण झाला. चिकटला तर कच्चा, अजून फळीवर राहू द्यायचा. आणि ठशाच्या कडेला तडकला तर कॉस्टिक जास्त, ती वडी हात जाळते, परत कढईत टाकायची. म्हणजे ठसा ही माझी सही नव्हे. ती वडी मी तपासली, एवढाच त्याचा अर्थ. शिंपी मास्तर दोन दारं सोडून राहतात. ते कधी किंमत विचारत नाहीत, वासही घेत नाहीत. वडी उलटी करतात, ठसा बघतात आणि खिशात टाकतात. त्यांचं सगळं पोट हातांवर आहे, त्यामुळे हाताला काय लावायचं ते नीट बघतात.

तर मी नाहीच म्हणणार होते. पण काल हेच मास्तर वडी उलटी करून म्हणाले, ‘वहिनी, याला फोन लागतो का हो? कोपऱ्यावरच्या नव्या दुकानातल्याला लागतो. सून म्हणते, फोन लागत नसेल तर काय सांगावं, कशातून केलाय.’ इतक्या वर्षांचा माणूस. मी म्हटलं, मी सांगते ना कशातून केलाय. तर ओशाळं हसले.

म्हणून पाठवते आहे. डब्यात मऊ साबणाची लादी आहे, तिच्यावर उजवा अंगठा दाबलाय. तुमच्यासाठी नाही, मास्तरांसाठी. आणि तुमच्या माणसांना म्हणावं, येताना पायातलं बाहेर काढा, इथे फरशी निसरडी असते.

वहिनी

---

१२ एप्रिल

वहिनी,

तू तिथे पातेली घासत बसली आहेस आणि इथे तू प्रसिद्ध झाली आहेस.

तुझ्या अंगठ्याच्या रेषा यंत्राने पाठ केल्या. आता कुणीही वडीवर फोन धरला की पडदा हिरवा होतो, तुझा चेहरा येतो (कपाळावर आठी असलेलाच ठेवला, लोकांना आठी खरी वाटते) आणि आमच्या माणसांनी तुझ्या आवाजात भरून आणलेलं वाक्य ऐकू येतं : ‘ही वडी मी स्वतः तपासली आहे. निर्धास्त वापरा.’ बायका म्हणे आंघोळीआधी रोज ऐकतात. ज्यांनी जन्मात कधी तेल गाळून ठेवलं नाही, ते आता बाटल्या भरून आमच्या दुकानांत आणून देतात. आमचे साहेब म्हणाले, गटारं वाचवणारा असा साबण देशात दुसरा नसेल.

आता गंमत अशी की मागणी तुझ्या दोन खोल्यांच्या कितीतरी पलीकडे गेली आहे. कंपनीने एक कारखाना पाहिलाय. तुझ्याच कृतीने तिथे साबण होईल. तू दमायचं नाहीस. तुझ्या अंगठ्याचा एक रबरी शिक्का करून ठेवलाय, तू आजारी वगैरे पडलीस तर अडायला नको म्हणून. केवळ सोय आहे, उगाच डोक्यात राख घालू नकोस.

दादा असता तर खूश झाला असता.

तुझी नणंद

---

३० मे

वन्संना,

तुमचे भाऊ कशाने खूश व्हायचे ते मला ठाऊक आहे. त्यांना मध्ये आणू नका.

इकडची तऱ्हा ऐका. पूर्वी लोक खिडकीशी येऊन मला विचारायचे. आता माझ्या उंबऱ्यात उभे राहतात, माझ्यासमोर वडीवर फोन धरतात, फोनमधल्या मला ऐकतात आणि मग खऱ्या मला न बघता वडी घेऊन जातात. परवा एक बाई फोनमधला माझा चेहरा बघून ‘किती प्रेमळ दिसतात’ म्हणाली आणि मला म्हणाली, ‘जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय.’

शिक्क्याचं मात्र मला पटलेलं नाही. आजारपणात शिक्का मारणार म्हणजे आजारपणात तपासणार कोण? रबराला कळतं का वडी चिकटली की तडकली? तो परत पाठवा. कारखाना हवा तर चालू दे, तिथे एखाद्या शहाण्या बाईला बसवा आणि तिचा अंगठा उमटवा. तिचाही खराच की.

आणखी एक. मागच्या आठवड्यात कॉस्टिक उतू आलं आणि उजव्या अंगठ्यावर सांडलं. अंगठा बांधलाय, म्हणून हे अक्षर असं. डॉक्टर म्हणतात कातडी येईल, पण गुळगुळीत येईल, रेषा परत यायच्या नाहीत. त्याने तुमच्या यंत्राचं काही बिघडतं का? बिघडत असेल तर आधी सांगा, नवा ठसा देते.

वहिनी

---

८ जून

वहिनी,

घाईत लिहिते. तू अंगठ्याची काळजी घे, यंत्राची नको. नवा ठसा लगेच घेता येत नाही. एका माणसाचे दोन अंगठे झाले की लोकांच्या मनात पाल चुकचुकते. तोवर कारखान्यात शिक्का आहेच. तू आराम कर.

मला बढती मिळाली. आता खोलीला खिडकी आहे.

नणंद

---

२१ ऑगस्ट

वन्संना,

अंगठा बरा झाला. डॉक्टर म्हणाले तसाच झाला, चमच्याच्या पाठीसारखा. दाबायला काही अडत नाही, वडी कच्ची की पक्की ते त्याला पूर्वीसारखंच कळतं. मी लगेच एक घाणा काढला. चांगला उतरला.

पहिली वडी मास्तरांनी नेली आणि लगेच परत आणून दिली. फोन लाल झाला म्हणाले. बनावट. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, लाल पडद्यावर माझा फोटो आणि खाली लिहिलेलं की या निर्मातीच्या नावाने कुणीतरी खोटा साबण विकत आहे, सावध राहा. मी अंगठा पुढे केला. म्हटलं, मास्तर, हा बघा, भाजलाय, म्हणून ठसा वेगळा उठतो. त्यांनी अंगठा बघितला. मग फोन बघितला. मग म्हणाले, ‘तुम्ही खोटं कशाला सांगाल, वहिनी. पण यात लाल दाखवतंय.’ आणि कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन हिरवी वडी घेऊन आले. माझ्या अंगठ्याची.

ती वडी मी त्यांच्या हातातून मागून घेतली आणि जीभ लावली. साबण करणारे सगळे तसंच बघतात. तुम्हाला त्याची किळस वाटायची, माहीत आहे. वन्सं, जिभेला चटका बसला. पाणी पिऊनही बराच वेळ चरचरत होतं. वडीच्या कडेला तडा होता आणि त्या तड्यावरून माझा अंगठा झकास उमटवलेला होता. मास्तरांना म्हटलं, हा वापरू नका. त्यांनी ती माझ्या हातातून घेऊन खिशात टाकली. आपला माल खपत नाही म्हणून बाई दुसऱ्याच्या मालाला नावं ठेवते, असं त्यांना वाटलं असणार. मीही तेच समजले असते.

तुमच्या कारखान्यात कॉस्टिक जास्त पडतंय. तो घाणा थांबवा. बाकीचं रुसणं-फुगणं नंतर बघू, आधी तेवढं करा.

वहिनी

---

२ सप्टेंबर

वहिनी,

तुझं पत्र मी वरपर्यंत नेलं. म्हणजे पत्र नाही, मजकूर. साहेबांनी विचारलं, तपासणी कुठे केली? मी काय सांगू, वहिनीच्या जिभेवर? जीभ हा पुरावा होत नाही. आमच्याकडे प्रयोगशाळेचा कागद आहे, महिन्यातून एका वडीचा. माल परत मागवला तर लोकांचा विश्वास उडेल, आणि सध्या तो आजवर नव्हता इतका आहे. तू धंदा केला आहेस, तुला कळेल.

आता एक अवघड गोष्ट. माझ्या टेबलावर तक्रार आली आहे, की तुझं नाव आणि चेहरा वापरून कुणीतरी बनावट साबण विकतंय. पत्ता तुझाच आहे. मी दाबून ठेवलीय, पण फार दिवस दाबता येणार नाही. काही दिवस खिडकी बंद ठेव. तुझ्या भल्यासाठीच सांगते.

आणि जरा गोड बोलायला शीक. तुझ्या पत्रांनी मला दिवसभर छातीत जड वाटतं.

तुझी नणंद

---

१० ऑक्टोबर

वन्संना,

मास्तरांचे हात गेले.

पहिल्या दिवसापासून चुणचुणत होते म्हणे. त्यांनी दर वेळी फोन धरून बघितला, दर वेळी हिरवं आलं, मी दर वेळी निर्धास्त वापरा म्हणाले, आणि ते वापरत राहिले. सुनेला वाटलं नव्या कापडाच्या रंगाने होतंय. तळव्यांची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटली आहे. सुई धरता येत नाही, मशीनवर कापड सरकवता येत नाही. डॉक्टरांनी साबणावर बोट ठेवलं तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं.

मग ते माझ्या दारात आले. दोन्ही हात पुढे धरून आले, बरोबर सून. गल्लीतली माणसं जमली. सुनेने फोन काढला आणि त्या वडीवर धरला. माझा चेहरा आला, आठीसकट, आणि माझ्याच दारात माझा आवाज म्हणाला, ही वडी मी स्वतः तपासली आहे. माझाच आवाज होता. नाही कसं म्हणू? मी म्हटलं ही माझी नाही, माझ्याकडच्या तर लाल होतात. तर सून म्हणाली, ‘म्हणजे तुमच्याकडच्या खोट्या आणि ही खरी, आणि खरीने यांचे हात जळले. मग तुम्हाला म्हणायचंय तरी काय?’ याचं उत्तर तुमच्या खात्याला सुचत असेल तर कळवा.

त्या दिवसापासून खानावळवाले मला तेल देत नाहीत. पूर्वीसारखं गटारात ओततात. नाक्यावरचं गटार तुंबलंय.

मी आजवर तुमच्याकडे काही मागितलं नाही, आरसासुद्धा परत मागितला नाही. आता मागते. ज्या फोनवर माझा चेहरा दाखवता, त्याच फोनवर एक ओळ लिहा की हा साबण या बाईने केलेला नाही आणि तपासलेला नाही. एकच ओळ. पैसे नकोत, माफी नको. मास्तर मरण्याआधी त्यांना एवढं कळू दे की त्यांचे हात मी जाळले नाहीत. तुम्ही लिहिलंत तर ते मानतील. माझं मानत नाहीत.

वहिनी

---

२५ ऑक्टोबर

वहिनी,

ओळ लिहिली आहे. तुला हवी होती ती नाही. तू बाहेरून ऐकण्याआधी मीच पाठवते.

‘निर्मातीच्या हलगर्जीपणामुळे काही ग्राहकांना त्रास झाला. या निर्मातीशी आम्ही संबंध तोडत आहोत. आपला विश्वास हीच आमची पुंजी.’

मसुदा माझा आहे. ‘हलगर्जीपणा’ मी घातला. आधी त्या जागी ‘फसवणूक’ होतं. तेवढंच माझ्या हातात होतं, आणि तेवढ्यासाठीही मला साहेबांशी वाद घालावा लागला. तुला काय वाटतं, मी शिक्क्याची गोष्ट उघड लिहिली असती तर काय झालं असतं? ॲपवर आणखी कितीतरी माणसं आहेत, विणकर आहेत, मध काढणारे आहेत. एकावरचा विश्वास गेला की सगळ्यांवरचा जातो. एका वहिनीला वाचवायला सगळ्यांना बुडवू का? शांत डोक्याने विचार कर.

तुझ्या जागी एक आजी आली आहे. ती कुठेच राहत नाही. चेहरा, आवाज, अंगठा, सगळं यंत्राने काढलंय. तिचा अंगठा भाजत नाही, ती आजारी पडत नाही आणि पत्रं लिहीत नाही. लोकांना ती आताच तुझ्यापेक्षा जास्त आवडते.

तू मागितला होतास म्हणून शिक्का सोबत पाठवते. आता आमच्या काही कामाचा नाही.

एक सांगू का? रागावू नकोस. मी घरी अजून तुझाच साबण वापरते. जुन्या वड्यांपैकी शेवटची आता संपत आली. त्या आजीचा साबण हाताला लावायची माझी छाती होत नाही, आत काय पडतं ते मला माहीत आहे ना. जमलं तर तुझ्या हातची एखादी वडी पाठव. फोन काही का म्हणेना, मला तुझा अंगठा पुरे.

तुझी नणंद

---

१५ नोव्हेंबर

वन्संना,

तुमचं पत्र वाचलं. रागावून काय करायचं? ज्याचं त्याचं काम असतं, तुम्ही तुमचं केलंत.

मास्तरांच्या सुनेने ती ओळ मला मोठ्याने वाचून दाखवली. मास्तर खुर्चीवर बसले होते, हात मांडीवर उताणे ठेवून. हल्ली ते तसेच बसतात. वाचून झाल्यावर त्यांनी तोंड फिरवलं.

साबण बंद केला. मागच्या खोल्या धुतल्या, साचे भंगारवाल्याला दिले. तुमचा शिक्का चुलीत घातला. रबर जळताना फार घाण वास येतो, दोन दिवस घरात राहिला होता.

पण तुम्ही मागितलीत म्हणून उरल्यासुरल्या तेलाचा एक छोटा घाणा काढला. फक्त तुमच्यासाठी. एक वडी पाठवते आहे, मोठी कापली आहे, थंडीभर पुरेल. पाठीवर अंगठा दाबलाय. रेषा नाहीत, पण अंगठा माझाच आहे. फोन धरलात तर लाल होईल. तुम्हाला फोनची गरज नाही म्हणता, ते वाचून बरं वाटलं. असं म्हणणारं आता कुणी उरलं नाही.

वहिनी

---

१६ डिसेंबर

वहिनी,

डाव्या हाताने लिहिते आहे, तोही धड नाही. अक्षर लागलं नाही तर अंदाजाने वाच.

तुझी वडी मिळाली त्या दिवशी मी खरंच रडले. मला वाटलं होतं तू आता जन्मात बोलणार नाहीस. फोन धरलाच नाही. ठसा झिजू नये म्हणून ती बाजू मी घासतही नव्हते, साबणदाणीत वरच ठेवायचे. रोज सकाळी बघायचे आणि बरं वाटायचं.

पहिल्या दिवसापासून चुणचुणत होतं. मी म्हटलं थंडी आहे. मग भेगा पडल्या, म्हटलं हवा कोरडी आहे. क्रीम लावायचे आणि पुन्हा त्याच साबणाने हात धुवायचे. तुझ्या अंगठ्यावर शंका घ्यायची माझ्या मनातही आलं नाही. मी स्वतः या खात्यात बसते, वहिनी, आणि माझ्या मनात आलं नाही.

बोटांची कातडी गेली. परवा ऑफिसच्या काचेवर बोट ठेवलं तर काच लाल झाली. दुसरं ठेवलं, तिसरं ठेवलं. लाल. रखवालदार रोजचा, माझ्या मुलीच्या वाढदिवसाला घरी येऊन गेलेला. त्याला म्हटलं, अरे, मी आहे. तो फार अवघडला. म्हणाला, ‘मॅडम, मी ओळखतो हो. पण यात नाही म्हणतंय.’ मागे रांग लागली होती. मी बाजूला झाले. पत्र आलंय, ओळख पटेपर्यंत घरी थांबा. माझ्या खुर्चीत दुसरी बाई बसली आहे, ती माझ्या खात्यातलीच.

मला नोकरीचं लिहायचं नाहीये. एकच विचारायचंय. हे चुकून झालं ना? तेल कमी होतं, अंगठा पूर्वीसारखा नाही, साचे दिलेले, घाईत काढलेला घाणा. तू एवढंच लिही की चुकून झालं. मी मानेन. दुसरं कुणी काही म्हणालं तरी मी तुझंच मानेन.

तुझी नणंद

---

२ जानेवारी

तुला,

बघ, जमलं शेवटी अगं-तुगं.

ठसा झिजू दिला नाहीस म्हणतेस. मग ती वडी उजेडात धर. ठशाच्या कडेला तडा आहे, नखाएवढा. त्याचा अर्थ काय ते मी तुला पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. तू रोज सकाळी तो बघत होतीस.

माझ्या अंगठ्याखालून असली वडी चुकून जात नाही. आजवर एकही गेली नव्हती. ही एक मी पाठवली.

मास्तरांनी मशीन विकायला काढलं आहे. हातांना साधं तेल लाव, आणि पाणी कोमट घे.

वहिनी